गिअरबॉक्सला सांगितलेला आकडा

२०१३ सालच्या रॅमच्या अवजड पिकअप ट्रकांचे तपशील नीट वाचले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. इंजिन एकच, कमिन्सचं ६.७ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल. पण त्याच्या टॉर्कचे आकडे तीन. हाताने गिअर टाकायचा ट्रक घेतला तर ६६० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ८९५ न्यूटन-मीटर. ६८आरएफई नावाचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक घेतला तर ८००, म्हणजे सुमारे १०८५. आणि जपानच्या आयसिन कंपनीचा त्याहून दणकट ऑटोमॅटिक घेतला तर ८५०, म्हणजे सुमारे ११५०. इंजिनाचं लोखंड जवळजवळ तेच. फरक मुख्यतः त्याच्या संगणकातल्या इंधनाच्या तक्त्यांचा. मग जे इंजिन ८५० देऊ शकत होतं, ते हातगिअरवाल्या गिऱ्हाइकासाठी ६६० वर का अडवलं? कारण इंजिनाच्या मागे बसवलेल्या गिअरबॉक्सला त्याहून जास्त टॉर्क भरवशाने पेलता आला नसता. त्याआधी २००१ साली याच कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनाच्या बाबतीत पारडं उलटं होतं: ५०५ पाउंड-फूटवालं जोमदार इंजिन फक्त हातगिअरबरोबर मिळे, ऑटोमॅटिकवाल्याला ४६० वर समाधान मानावं लागे. म्हणजे प्रश्न ऑटोमॅटिक की हातगिअर असा नव्हताच. त्या त्या पेटीला किती झेपतं, एवढाच होता.

आपल्याकडच्या शोरूममध्येही हे दिसतं. टोयोटाचा हायलक्स पिकअप भारतात २.८ लिटरच्या एकाच डिझेल इंजिनावर विकला जातो. हातगिअरबरोबर त्याचा टॉर्क ४२० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकबरोबर ५००. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओ-एनच्या १७५ पीएसवाल्या डिझेलमध्येही हातगिअरला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४०० असाच भेद आहे. तेव्हा माहितीपत्रकात छापलेला टॉर्क हा एकट्या इंजिनाचा गुण नव्हे. तो इंजिन आणि गिअरबॉक्स या जोडीत झालेला करार आहे. टॉर्क वाढवण्यासाठी बाहेरच्या वर्कशॉपमध्ये केलेलं ट्यूनिंग हा करार मोडतं आणि बहुतेक वेळा दुसऱ्या पक्षाला न कळवता मोडतं. ट्यूनिंगनंतर गिअर विचित्र पडू लागले की ‘टॉर्क वाढला, म्हणून गिअरबॉक्स थकला’ असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. वाढलेल्या टॉर्काइतकंच, आणि पुष्कळदा त्याहून जास्त, नुकसान त्या वाढीची बातमी गिअरबॉक्सपर्यंत न पोहोचल्यामुळे होतं.

हे पटायला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअर कसा बदलतो ते पाहायला हवं. त्याचे दाते एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. मधोमध एक चाक, भोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेरून दातेरी कडं, अशा ग्रहमालेसारख्या संचातलं कोणतं अंग धरून ठेवायचं आणि कोणतं सोडायचं, यावर गिअर ठरतो. धरण्या-सोडण्याचं काम क्लचचे गठ्ठे करतात: एकाआड एक रचलेल्या पोलादी आणि घर्षणाच्या चकत्या, तेलात बुडालेल्या. मागून तेलाचा दाब आला की पिस्टन चकत्या दाबतो आणि गठ्ठा पकड घेतो. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाणं म्हणजे एका गठ्ठ्याचा दाब उतरवणं आणि त्याच सुमारास दुसऱ्याचा चढवणं. गठ्ठा किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, घर्षणाचा गुणांक, चकतीची सरासरी त्रिज्या आणि दाबणारं बळ. पहिल्या तीन कारखान्यातच ठरून गेलेल्या असतात. चालत्या गाडीत बदलता येतो तो फक्त दाब.

हा दाब सतत कमाल ठेवून का चालत नाही? चालतं, पण मग हलक्या एक्सलरेटरवरही प्रत्येक गिअर धक्का देऊन पडतो, पंप इंजिनाचा जोर खातो आणि तेल विनाकारण तापतं. म्हणून गिअरबॉक्सचा संगणक गरजेपुरता दाब देतो, वर थोडी सुरक्षिततेची भर घालतो. गरज किती, हे त्याला कसं कळतं? इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क मोजणारं साधन अशा ट्रकांत बसवलेलं नसतं. इंजिनाचा संगणक स्वतःच्या तक्त्यांवरून हिशेब करतो: इतके फेरे, इतकं इंधन, टर्बोचा इतका दाब, म्हणजे टॉर्क इतका. हा अंदाज तो गाडीतल्या संगणकांच्या जाळ्यावरून गिअरबॉक्सला सेकंदातून अनेकदा कळवतो. तेलाचा दाब, गिअर बदलायला द्यायचा वेळ, टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाच्या) क्लचची पकड, हे सगळं या एका आकड्यावर बेततं. गिअरबॉक्सला टॉर्क दिसत नाही. त्याला सांगितला जातो.

बाजारातल्या ट्यूनिंगचे प्रकार या कसोटीवर लावले की त्यांच्यातला खरा फरक उघडा पडतो. सर्वांत स्वस्त म्हणजे वायरिंगमध्ये मध्येच जोडायचा बॉक्स. कॉमन रेल डिझेलमध्ये तो इंधनाच्या दाबाचा सेन्सर आणि इंजिनाचा संगणक यांच्यामध्ये बसतो आणि खऱ्यापेक्षा कमी दाब असल्याचं भासवतो. संगणक दाब वाढवतो, इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतात आणि टॉर्क वाढतो. संगणकाच्या हिशेबात मात्र सगळं पूर्वीसारखंच चाललेलं असतं. तो गिअरबॉक्सला जुनाच आकडा कळवत राहतो. हमालाला तीस किलोचं पोतं आहे म्हणून सांगायचं आणि पाठीवर पन्नास किलोचं ठेवायचं, असा हा प्रकार आहे. कदाचित पन्नास त्याला पेललेही असते. पण त्याने कंबर कसलेली असते ती तीसाच्या हिशेबाने. दुसरा प्रकार इंजिनाच्या संगणकातले तक्तेच नव्याने लिहिण्याचा. यात इंधनाच्या तक्त्यांबरोबर टॉर्काचा अंदाज करणारे तक्तेही दुरुस्त केले तर खरी बातमी पुढे जाते. नुसतं इंधन वाढवून अंदाजाचे तक्ते तसेच ठेवले, तर महागड्या रिमॅपिंगचा परिणामही त्या स्वस्त बॉक्सासारखाच होतो. तिसऱ्या प्रकारात इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचे संगणक एकमेकांना धरून ट्यून केले जातात. हे काम वेळखाऊ आणि महाग असतं.

चुकीच्या आकड्याने नेमकं काय बिघडतं, हे गिअर बदलण्याच्या अर्ध्या सेकंदाकडे जवळून पाहिलं की समजतं. वरचा गिअर पडताना गाडीचा वेग तोच राहतो, पण इंजिनाचे फेरे उतरायला हवेत. समजा २८०० वरून २००० वर. फिरत्या इंजिनाला आवरण्याचं काम नव्याने पकड घेणारा क्लच घसरत घसरत करतो. त्याच्यापुढे एकाच वेळी दोन कामं असतात: इंजिन देत असलेला टॉर्क पेलणं आणि वर इंजिनाला मंदावणं. सोयीसाठी असं धरू, की दिलेल्या दाबाला क्लच ११०० न्यूटन-मीटर पेलतो आणि त्या क्षणी इंजिन ७०० देत आहे. मंदावायला ४०० शिल्लक राहतात. आता ट्यूनिंगने इंजिनाचे ७०० चे १००० झाले, पण बातमी न पोहोचल्याने दाब तोच राहिला. शिल्लक उरतात फक्त १००. टॉर्क वाढला चाळीस-पंचेचाळीस टक्के. पण मंदावणारं बळ चौथाई झालं, म्हणजे घसरण्याचा काळ चौपट झाला आणि चकत्यांवर निघणारी उष्णताही चौपट. इंजिनाचा टॉर्क ११०० च्या वर गेला तर फेरे उतरतच नाहीत, उलट चढतात. दोन गिअरांच्या मध्ये इंजिन क्षणभर मोकाट सुटल्यासारखं गुरगुरतं, टॅकोमीटरचा काटा दोन-तीनशे फेरे वर उडतो आणि गाडीचा वेग मात्र तसूभरही वाढत नाही. अमेरिकेतले ट्रकवाले याला ‘फ्लेअर’ म्हणतात. गणित सोपं करून मांडलं असलं, तरी त्याचा धडा खरा आहे: गिअर बदलताना क्लचचं आयुष्य एकूण टॉर्कावर नव्हे, पकड आणि टॉर्क यांच्यातल्या फरकावर अवलंबून असतं. फरक संपत आला की थोडीशी वाढही जबर महाग पडते.

कारखान्यातून आलेल्या गाडीत हा फरक राखायला आणखी एक सोय असते. गिअर पडायच्या क्षणी गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाला विनंती करतो, ‘जरा दमानं घे’. डिझेलमध्ये तेवढ्यापुरतं इंधन कमी होतं, पेट्रोलमध्ये ठिणगी उशिरा पडते. चालकाला हे जाणवतही नाही. बाहेरचा बॉक्स या विनंतीवरही पाणी फिरवतो: संगणक इंधन कमी करू पाहतो, पण त्याने मोजलेल्या प्रत्येक थेंबामागे बॉक्सने थोडं जास्तीचं घातलेलं असतं. काही ट्यूनर तर गाडी गिअर बदलतानाही ‘ओढत राहावी’ म्हणून ही कपात मुद्दाम कमी करतात. पहिल्या फेरफटक्यात गाडी जोमदार वाटते, हे खरं. त्याचं बिल चकत्या भरतात.

परिणाम फक्त गिअर कसा पडतो यावर होत नाही, केव्हा पडतो यावरही होतो. गिअर बदलण्याचा क्षण मुख्यतः गाडीचा वेग आणि एक्सलरेटर किती दाबला आहे, या दोन गोष्टींवर ठरतो. टॉर्क वाढल्यावर तोच वेग गाठायला पाय कमी दाबावा लागतो. संगणकाला वाटतं, चालक निवांत आहे. तो वरचा गिअर लवकर टाकतो. परिणामी इंजिन कमी फेऱ्यांवर, पण जास्त टॉर्क देत, वरच्या गिअरमध्ये कुथत राहतं. याच सुमारास टॉर्क कन्व्हर्टरमधला क्लचही पकड घेऊन बसलेला असतो, त्यामुळे डिझेलचे हेलकावे तेलाच्या उशीशिवाय थेट पुढे जातात. याच्या उलट, काही ट्यूनिंगमध्ये गाडी चपळ भासावी म्हणून एक्सलरेटरचा तक्ताच तिखट केला जातो: तीस टक्के पाय म्हणजे पन्नास टक्के मागणी. मग गिअरबॉक्सला वाटतं चालक घाईत आहे, तो खालचा गिअर धरून ठेवतो आणि जरा चढ लागला की वर-खाली करत बसतो. दोन्ही तक्रारी गिअरबॉक्सच्या नावावर लिहिल्या जातात. त्याने मात्र मिळालेल्या माहितीवर योग्य तोच निर्णय घेतलेला असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कंपन्या वॉरंटीच्या भीतीने भरपूर हात राखून ठेवतात, ती शिल्लक वापरली तर बिघडलं कुठे? आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा पुरावा खुद्द फोर्डने दिला आहे. २०११ मॉडेलच्या सुपर ड्यूटी ट्रकांचं नवं ६.७ लिटर डिझेल बाजारात आलं तेव्हा ३९० हॉर्सपॉवर आणि ७३५ पाउंड-फूट देत होतं. काही महिन्यांतच, २०१० च्या ऑगस्टमध्ये, कंपनीने ते ४०० आणि ८०० वर नेलं. आधी ट्रक घेतलेल्यांनाही डीलरकडे नवं सॉफ्टवेअर फुकट मिळालं, एकही सुटा भाग न बदलता. पण ही वाढ कोणी केली ते पाहा. इंजिन फोर्डचं, गिअरबॉक्सही फोर्डनेच या इंजिनासाठी नव्याने घडवलेला आणि दोन्हींचे आकडे एकाच घरात. शिवाय ती शिल्लक रिकामी पडलेली नसते. अमेरिकेत ट्रकची ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या एसएई जे२८०७ या मानकात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅम चढणीची कसोटी आहे: सुमारे १८ किलोमीटरचा चढ, बाहेर किमान ३८ अंश सेल्सियसचं ऊन, एसी पूर्ण जोरात, मागे ट्रेलर आणि तरीही ठरावीक वेगाखाली उतरायचं नाही. राखलेला हात या दिवसासाठी असतो, आणि दीड-दोन लाख किलोमीटरनंतर चकत्या झिजतात, तेल जुनं होतं, त्या काळासाठीही असतो. तेल साधारण ८० अंशांच्या वर दर ११ अंशांनी अधिक तापलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. रिकाम्या ट्रकमध्ये शहरातल्या शहरात फिरताना शिल्लक भरपूर वाटते. ट्रेलर जोडून घाट लागला की ती किती होती ते कळतं.

दुसरा आक्षेप अधिक बारकाव्याचा आहे. आजचे गिअरबॉक्स शिकतात. आत येणारे आणि बाहेर पडणारे फेरे ते सेन्सरांनी मोजतात, गिअर ठरल्यापेक्षा उशिरा बसला तर पुढच्या वेळी दाब वाढवतात. मग आकडा चुकीचा असला तरी चार दिवसांत ते जुळवून घेणार नाहीत का? काही अंशी घेतातच, म्हणून तर ट्यूनिंगनंतर सुरुवातीला बिघडलेले गिअर काही दिवसांनी बरे पडू लागल्याचा अनुभव पुष्कळांना येतो. पण या शिकण्याला दोन कुंपणं आहेत. झीज आणि तेलातला फरक भरून काढण्यापुरतीच दुरुस्तीची मुभा कारखान्याने दिलेली असते. ट्यूनिंगने ती आधीच खाऊन टाकली तर खऱ्या झिजेसाठी काही उरत नाही. दुसरं म्हणजे शिकवणी खरी ठरायला परिस्थिती तीच राहावी लागते. पाच पायऱ्यांचं स्विच लावलेल्या ट्यूनिंगमध्ये चालक सकाळी ओझं ओढायची पायरी लावतो आणि संध्याकाळी शर्यतीची. सांगितलेला टॉर्क दोन्ही वेळी सारखाच असेल, तर सकाळी शिकलेला दाब संध्याकाळी कमी पडतो आणि संध्याकाळी शिकलेला दाब सकाळी हिसका देतो. ‘गिअर कडक पडतो म्हणजे गिअरबॉक्स मजबूत झाला’ हाही समज इथेच तपासावा. झटपट बसणारा गिअर चकत्यांना कमी तापवतो, हे बरोबर. पण त्याचा धक्का शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि मागचा डिफरन्शियल सोसतात. मुद्दाम नीट ठरवलेला कडकपणा वेगळा आणि गोंधळलेल्या संगणकाने घाबरून चढवलेला दाब वेगळा.

तिसरं म्हणणं असं, की एवढं आहे तर गिअरबॉक्सच भक्कम करून घ्या: दणकट कन्व्हर्टर, जास्त चकत्या, बदललेला व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वाटून देणारा भाग). हा उपाय खराच कामाचा आहे आणि मोठ्या वाढीला दुसरा पर्यायही नाही. मात्र अमेरिकेतल्या जुन्या डॉज ट्रकांचा इतिहास त्याची मर्यादाही दाखवतो. कमिन्सच्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनामागे असलेल्या ४७आरई या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा दाब इंजिनाकडून येणाऱ्या एका केबलवर अवलंबून असे. एक्सलरेटर जितका दाबला तितका दाब. इंधनाचा बॉक्स लावला की तेवढ्याच एक्सलरेटरवर टॉर्क वाढे, पण केबलला त्याचा पत्ता नसे आणि बहुधा सर्वांत आधी कन्व्हर्टरचा क्लच घसरू लागे. दाब संगणकाऐवजी केबलने ठरत असे तेव्हाही रोग तोच होता: बातमी पोहोचत नव्हती. जनरल मोटर्सने २००१ मध्ये ड्युरामॅक्स डिझेलमागे बसवलेला ॲलिसन १००० हा ऑटोमॅटिक अधिक सावध निघाला. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या फेऱ्यांचं गुणोत्तर त्या गिअरला साजेसं नाही असं दिसलं, की तो घसरण ओळखतो, दिवा लावतो आणि गिअर बदलणंच थांबवतो. ट्यूनिंग केलेल्या मालकांना हा ॲलिसनचा नाजूकपणा वाटला. खरं तर तो पेटीने वेळीच केलेला पुकारा होता. कंपनीने स्वतः २००६ पर्यंत ड्युरामॅक्सचा टॉर्क ५२० वरून ६५० पाउंड-फूटवर नेला तेव्हा ॲलिसनलाही पाचाऐवजी सहा गिअर दिले. दोघांना बरोबर घेऊन पुढे जाणं म्हणतात ते हेच.

या साऱ्या चर्चेत धुराचा प्रश्न मी बाजूला ठेवला आहे, तो लहान आहे म्हणून नव्हे. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषणरोधक यंत्रणा निकामी केली गेली, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये मांडला होता. तिथल्या कायद्याने ते सरळ बेकायदा आहे. पण ज्याला धुराची पर्वा नाही त्यालाही गिअरबॉक्सचा हिशेब चुकत नाही, म्हणून तो स्वतंत्रपणे मांडला. ट्यूनिंग घेणाऱ्याने ‘किती हॉर्सपॉवर वाढतील’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पहिला प्रश्न असा असावा: वाढलेला टॉर्क गिअरबॉक्सला कळवला जाणार आहे का, आणि गिअर पडताना होणारी इंधनाची कपात शाबूत राहणार आहे का? ट्यूनर या दोन्हींचं नीट उत्तर देत असेल आणि ट्यूनिंगनंतर ओझं लावून घसरण आणि तेलाचं तापमान मोजून दाखवत असेल, तर मर्यादित वाढ पुष्कळ गिअरबॉक्स वर्षानुवर्षं निभावून नेतील. उत्तर देता येत नसेल, तर बॉक्सची छापील किंमत ही खरी किंमत नाही. ट्यूनिंगच्या बजेटात नव्या क्लच गठ्ठ्यांची आणि कन्व्हर्टरची रक्कम आधीच धरून ठेवावी आणि मगच पाकीट उघडावं.